आडरानात एल्कच्या शिकारीला घोडे नेताना

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर साधारण ३२० किलोंचा, मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास. नर पाडला की हाडांसकट मांसच १२० ते १५० किलो भरतं, शिंगं वेगळी. आणि तो पडतो कुठे? माँटानातलं बॉब मार्शल, आयडाहोतलं फ्रँक चर्च, वायोमिंगमध्ये यलोस्टोनच्या आग्नेयेला असलेला थरोफेअरचा पट्टा. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यामुळे अशा राखीव रानांत इंजिनाचं काहीही चालत नाही. सायकल नाही, हातगाडी नाही, साधी चेनसॉही नाही. थरोफेअरच्या आतल्या भागापासून सर्वात जवळचा रस्ता तीसेक किलोमीटरवर. पाठीवर वाहायचं म्हटलं तर एका एल्कमागे तीस-पस्तीस किलोंच्या चार-पाच खेपा, आणि प्रत्येक खेप म्हणजे जाऊन-येऊन साठ किलोमीटर. तोवर मांस टिकत नाही. म्हणून तिथे आजही घोडे आणि खेचरं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, त्यामुळे इथे जे लिहितोय ते सगळं अमेरिकेतलं. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काहीजण आता रायफल घेऊन डोंगरात जातात. त्यांची सगळी चौकशी रायफल, दुर्बीण आणि बुटांबद्दल असते. घोड्यांचं काय, तर 'भाड्याने घेऊ'. घोडं पेंड खातं ते नेमकं इथेच.

आधी वजनकाटा

चार शिकारी, सात दिवस असा बेत धरू. अंथरूण-कपडे माणशी २० किलो, म्हणजे ८०. शिधा माणशी रोज सव्वा किलो, म्हणजे ३५. कॅनव्हासचे दोन तंबू, एक झोपायला आणि एक स्वयंपाकाला, मिळून ५०. पत्र्याची घडीची शेगडी धुराड्यासकट १५. भांडीकुंडी, कंदील, पेट्या ३०. कुऱ्हाड, दोघांनी ओढायची करवत, फावडं, बादल्या १०. जनावरांचे दोर, पट्टे आणि बॅटरीवरचं विजेचं कुंपण १०. नालबंदीचं सामान आणि औषधं ८. बेरीज २३८ किलो.

आता जनावरांचा दाणा. चराऊ कुरण चांगलं असलं तरी डोंगर चढणाऱ्या घोड्याला वरून रोज दोनेक किलो पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या चाऱ्याच्या गोळ्या, लागतात. बसायचे चार घोडे आणि ओझ्याची सहा जनावरं धरली तर सात दिवसांत १४० किलो. एकूण ३७८.

साडेचारशे-पाचशे किलोंच्या जनावरावर ६५ ते ७० किलोंपेक्षा जास्त मेलं ओझं लादू नये. लोक इथे वाद घालतात की, ऐंशी किलोंचा माणूस जर घोडा सहज नेतो तर गोणी का नाही? कारण माणूस चढावर पुढे झुकतो, उतारावर मागे रेलतो, घोडा घसरला तर तोल सावरतो. गोणीला यातलं काही कळत नाही. ती पाठीच्या त्याच दोन जागांवर आठ तास घासत राहते. ३७८ ला ६५ ने भागा, उत्तर सहाच्या किंचित आत येतं. म्हणजे चार माणसांना दहा जनावरं.

परतीचा हिशेब बहुतेकजण करतच नाहीत. शिधा आणि दाणा संपला की परतताना २०३ किलो उरतात. सहा जनावरांची ताकद ३९० किलो, म्हणजे १८७ किलो जागा मोकळी. एक एल्क आरामात बसतो. दुसरा बसत नाही. दुसरा पाडला तर दोघांनी खाली उतरायचं, बसायच्या खोगिरावर मांसाच्या पिशव्या टाकायच्या आणि घोडा हाताने धरून चालत यायचं. चौघांच्याही खिशात परवाने असतील तर हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर तिसरा एल्क समोर उभा राहिल्यावर कुणालाच भान राहत नाही.

आणखी एक गणित. ऑक्टोबरच्या शेवटी गुडघाभर बर्फ पडला आणि गवत झाकलं गेलं तर साडेचारशे किलोंच्या घोड्याला रोज आठ-नऊ किलो सुका चारा लागतो. दहा जनावरं, सात दिवस, म्हणजे साडेपाचशे किलोंच्या वर. तो वाहायला आणखी नऊ जनावरं, आणि तीही खाणार. हा हिशेब कधीच जुळत नाही. म्हणून खोल आत जायचं तर सप्टेंबरमध्ये जावं. माँटानात बॉब मार्शलच्या काही भागांत रायफलचा हंगाम १५ सप्टेंबरलाच उघडतो, तो उगाच नाही. ऑक्टोबरअखेरीस जायचंच असेल तर रस्त्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या आत तळ ठोका आणि दिवस कमी करा.

कागदपत्रं एका दमात उरकतो. बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला एल्कचा परवाना बहुतेक ठिकाणी सोडतीने मिळतो आणि अर्ज हिवाळ्यात किंवा वसंतातच जातात. वायोमिंगमध्ये बाहेरच्या माणसाला वाइल्डरनेसमध्ये मोठ्या जनावराची शिकार करायची तर सोबत परवानाधारक गाइड लागतो, किंवा त्यासाठी मोफत परवाना काढलेला तिथला रहिवासी. माँटानात १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्यात सूट मिळते. आधी तो परवाना, मग बंदुकीला हात. घोड्यांनाही कागद लागतात: राज्याची हद्द ओलांडताना पशुवैद्याचा दाखला, कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीची रक्ततपासणी) अहवाल, आणि या राज्यांत ब्रँड तपासणी, म्हणजे मालकीच्या खुणेची पडताळणी. चारा आणि पेलेट 'तणमुक्त' प्रमाणित हवेत, पिशवीवरचं लेबल फाडू नका. निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून घरीही तोच चारा द्या, कारण शेणातून तणाचं बी रानात जातं. आतड्यांनाही बदल सोसतो. एका रात्रीत चंदी बदलली की पोटशूळ ठरलेला.

घोडं की खेचर

ओझ्याला खेचर. यावर माझ्या मनात काही शंका नाही. पाय बारीक, टाप अरुंद, दगडातून नेमकं पाऊल टाकतं, आणि स्वतःला इजा होईल असं शक्यतो करत नाही. घाबरलेला घोडा कड्यावरून उडी टाकेल, खेचर तिथेच पाय रोवून उभं राहील. तुम्ही त्याला हट्टी म्हणा. पण खेचराला घोडीचा लळा असतो, त्यामुळे रांगेत एक शहाणी घोडी हवीच. ती असेल तिथे खेचरं असतात.

उन्हाळाभर कुरणात लोळलेलं जनावर सप्टेंबरमध्ये डोंगरावर न्यायचं म्हणजे त्याचा छळ आहे. निघण्याआधी सहा ते आठ आठवडे तयारी सुरू करा. पहिले दोन आठवडे सपाटीवर चाल, मग चढ, मग रिकामं खोगीर, मग वाळूच्या पिशव्या, शेवटी पूर्ण ओझं. याच काळात त्याला फडफडणारी ताडपत्री, शेपटीखाली अडकलेला दोर, लांबून जवळ आणलेला गोळीचा आवाज आणि रक्ताचा वास यांची सवय करा. वासासाठी एखाद्या खाटकाकडून ताजं कातडं आणून चाऱ्याजवळ टाकून ठेवतात. पहिल्यांदाच मांस पाहणाऱ्या घोड्यावर मांस लादायला जाल तर मांस एकीकडे, घोडा दुसरीकडे आणि तुम्ही तिसरीकडे.

निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी नाल बदला. आदल्या दिवशी नको, एखादा खिळा नाजूक जागी लागला असेल तर तो लंगडेपणा घरीच कळावा. बर्फ आणि ओल्या खडकासाठी नालेला कठीण धातूचे ठिपके वितळवून लावून घेतात, आणि टापेत बर्फाचा गोळा चिकटू नये म्हणून खाली रबराची गादी बसवतात. सोबत नाल काढायची पक्कड, हातोडा, कानस, खिळे आणि एक रबरी बूट असू द्या. आडरानात नाल निसटली तर तो बूटच घोड्याला परत आणतो.

लादणं

खोगिरं दोन प्रकारची. सॉबकवर दोन लाकडी फुल्या असतात, त्यांच्यावर गोण्यांचे पट्टे अडकवायचे. डेकरवर लोखंडी कड्या असतात आणि खाली लाकडी फळ्या घातलेलं कॅनव्हासचं आवरण, जे वजन बरगड्यांवर पसरवतं. डेकरला ओझं दोराने टांगतात. सामान साधारण दोन मीटर बाय अडीच मीटरच्या जाड कॅनव्हासमध्ये, म्हणजे मँटीत, पार्सलसारखं बांधतात आणि कड्यांतून सोडलेल्या दोराच्या झोळीत बसवतात. नवशिक्याने सॉबक आणि कडक पेट्यांपासून सुरुवात करावी. वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तू, म्हणजे मांस, तंबूचे खांब, शेगडी, यांसाठी डेकर सरस. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात अन्नाला अस्वलरोधक प्रमाणित अॅल्युमिनियमच्या पेट्या लागतात. त्या रिकाम्याच जड असतात, वरच्या हिशेबात त्यांचं वजन वेगळं धरा.

खरारा नीट करा. तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखाली, एक कुसळ राहिलं तरी संध्याकाळी तिथे जखम दिसते. गादी आधी खांद्याच्या पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस आपल्या दिशेने बसतात. खोगीर खांद्याच्या हाडामागे ठेवा आणि गादी मधोमध वर ओढून खोगिराच्या पोकळीत घ्या, म्हणजे मणक्यावर हवा खेळते. पुढचा तंग घट्ट, मागचा नुसता टेकलेला. छातीचा पट्टा आणि ढुंगणामागचा पट्टा असे बांधा की सपाटीवर हाताचा तळवा आडवा आत जाईल. मागचा पट्टा घट्ट असेल तर चढावर पाऊल आखडतं, सैल असेल तर उतारावर सगळं ओझं मानेवर येतं.

मग वजन. इथे अंदाज चालत नाही. टांगता स्प्रिंगकाटा घ्या आणि दोन्ही गोण्या एकमेकींच्या एक किलोच्या आत आणा, अर्ध्यात आणल्या तर फारच छान. जड वस्तू तळाशी आणि जनावराच्या अंगाच्या बाजूला, मऊ वस्तू वर. काही खुळखुळता कामा नये. सुट्ट्या झाकणाची एक किटली रांगभर गोंधळ घालू शकते. दोघांनी दोन्ही बाजूंनी एकदम उचलून लादा. एकटे असाल तर पहिली बाजू लादून तिच्याखाली काठीचा टेकू द्या आणि मगच दुसऱ्या बाजूला जा. वरती मधोमध पंधरा-वीस किलोंपर्यंत हलकं सामान, त्यावर ताडपत्री, आणि सगळ्यावरून बारा मीटरच्या दोराने डायमंड किंवा बॉक्स पद्धतीची बांधणी. गाठी कशाही असोत, एका ओढीत सुटायला हव्यात. खाली पडलेल्या खेचराच्या पोटाखालची गाठ सोडवत बसायला वेळ नसतो.

निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी थांबा आणि सगळे तंग पुन्हा आवळा. निघताना जनावर पोट फुगवून उभं असतं, चालायला लागलं की सैल पडतं. गादीही बसते. हे थांबणं कितीही कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. पाठीला जखम होण्याची निम्मी प्रकरणं या पंधराव्या मिनिटाच्या आळसातून येतात.

चालताना मागे वळून एकच गोष्ट पाहायची: खोगिराचा मध्य शेपटीच्या रेषेत आहे का. डावीकडे झुकलं असेल तर तिथल्या तिथे थांबा. दोरांशी खेळत बसण्याऐवजी हलक्या बाजूच्या गोणीत मुठीएवढा दगड टाका. नवख्यांना हसू येतं, पण शंभर वर्षं लोक हेच करत आले आहेत. मुक्कामाला दगड काढायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो चुकीच्या बाजूला वाहिला जातो.

रांग

मागच्या जनावराचा दोर पुढच्याच्या खोगिराला थेट बांधायचा नाही. खोगिराच्या मागे ६ मिलिमीटरच्या मनिला दोराचा, म्हणजे अबाका या झाडाच्या नैसर्गिक धाग्याचा, एक फास ठेवतात आणि मागचा दोर त्या फासाला. एक खेचर कड्यावरून घसरलं तर हा फास तुटतो आणि बाकीची वाचतात. इथे 'मजबूत असावा' म्हणून नायलॉन वापरणारे लोक आहेत. नायलॉन तुटत नाही. मग पूर्ण रांग एकामागोमाग खाली. दोराची लांबी इतकीच की मागच्याला मान खाली घालून पायवाट बघता यावी, पण दोरावरून पाय टाकता येऊ नये.

स्वाराच्या मागे सगळ्यात शांत जनावर, तरणं मध्ये, लाथाळ शेवटी. रांगेचा स्वभाव लक्षात ठेवा: पहिला घोडा ओढा ओलांडून चालीला लागतो, तेव्हा शेवटचं खेचर अजून काठावर विचार करत असतं. पुढून ओढ बसते, ते उडी मारतं, ओझं हलतं. म्हणून आडवं पडलेलं झाड, दलदल, पूल, काहीही ओलांडलं की शेवटचं जनावर पार होईपर्यंत पुढच्याने मुंगीच्या पावलाने चालावं. खोल पाण्यात आणि चिखलात दोर सोडून एकेक जनावर न्यावं. चांगल्या पायवाटेवर लादलेली रांग तासाला चार-पाच किलोमीटर जाते, पडलेल्या झाडांच्या जंगलात त्याच्या निम्मी. दिवसाला २५ किलोमीटरच्या वर बेत आखू नका. समोरून पायी माणसं आली तर त्यांना उताराच्या बाजूला उभं राहून बोलत राहायला सांगा. आवाज आला की घोड्याला कळतं, पाठीवर ओझं घेतलेला तो प्राणी माणूसच आहे.

दावण आणि चरणं

घोडा झाडाला बांधला की रात्रभर मुळं उकरतो आणि साल खातो. झाड मरतं, वर दंड होतो. त्याऐवजी उंच दावण. वीस सेंटीमीटरहून जाड अशा दोन झाडांना पाच-सात सेंटीमीटर रुंद पट्टे गुंडाळायचे आणि त्यांच्यात जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीवर १२ मिलिमीटरचा दोर होईल तितका ताणायचा. घोडे वजन टाकतील तशी ती लोंबणार, म्हणून सुरुवातीलाच उंच घ्या. दोन जनावरांमध्ये तीन मीटर, टोकाच्या झाडापासून दोन मीटर. मोरकीच्या दोराची लांबी अशी की नाक जमिनीला टेकेल, पण दोर जमिनीवर लोळणार नाही. दोर लांब राहिला की पुढचा पाय त्यात अडकतो, आणि रात्री दोन वाजता जे होतं ते निस्तरायला सगळा तळ जागा होतो. जागा पाण्यापासून, पायवाटेपासून आणि तंबूंपासून साठ मीटर तरी दूर, खडकाळ किंवा कोरड्या जमिनीवर.

चरायला सोडताना सगळे एकदम कधीच नाहीत. म्होरकी घोडी बांधलेली, बाकीचे पायबंद घालून मोकळे, एकाच्या गळ्यात घंटा. पायबंदावर विसंबून राहू नका. सवयीचा घोडा दोन्ही पुढचे पाय एकदम उचलत सशासारखा पळतो आणि तासाभरात डोंगरापार जातो. तो पळतो कुठे हे मात्र ठरलेलं असतं: ज्या वाटेने आला त्या वाटेने, ट्रेलरकडे. म्हणून तंबू कुरण आणि घरच्या वाटेच्या मध्ये ठोकायचे. घंटेचा आवाज तंबूजवळून जायला लागला की उठा.

थंडीत घोडे पाणी कमी पितात, आणि पेलेट कोरडे असतात. आतडं तुंबून पोटशूळ होण्याची ही सरळ वाट. तोबऱ्यात चंदीबरोबर थोडं मीठ द्या, पेलेट भिजवून द्या, आणि दिवसातून दोनदा पाण्यावर न्या. एका घोड्याला दिवसाला वीस ते चाळीस लिटर लागतं. बादलीतून घरचं पाणी पिणारं जनावर ओढ्यावर पहिल्या दिवशी तोंड फिरवतं, त्याची सवय आधी करून घ्या. घोडा वारंवार कुशीकडे बघतोय, लोळतोय, शेण नाही, तर ओझं बंद. तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सियसच्या दरम्यान आणि नाडी मिनिटाला ४४ च्या आत असेल तर थोडा धीर धरता येतो. विश्रांतीतही नाडी साठच्या वर जात असेल तर सॅटेलाइट मेसेंजर काढा आणि पशुवैद्याला विचारा. फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक सोबत असावं, पण मात्रा आणि द्यायची पद्धत निघण्याआधी पशुवैद्याकडून लिहून घेतलेली.

रायफल आणि अस्वल

रायफल खोगिराच्या म्यानात, चेंबर रिकामं. उतरलात की पहिलं काम म्यानातून रायफल काढणं, मग घोडा बांधणं. घोडा सुटला तर निदान रायफल घेऊन जाणार नाही. घोड्याने झाडाला अंग घासलं की दुर्बिणीचा नेम हलतो, म्हणून आत पोचल्यावर, जिथे परवानगी आहे तिथे, एक-दोन गोळ्या टाकून तपासा. घोड्यावरून किंवा लगाम हातात धरून गोळी झाडायची नाही. घोडा बांधा, लांब जा.

माँटानात कमरेच्या वर ४०० चौरस इंच भडक नारिंगी कपडा बंधनकारक आहे. माझ्या मते तितकाच तो घोड्यांवरही हवा, मोरकीला, मागच्या पट्ट्याला, ओझ्यावर. तांबूस घोडा झाडीतून लांबून एल्कसारखाच दिसतो. अस्वलाचा स्प्रे कमरेला किंवा छातीवर, खोगिराच्या पिशवीत कधीच नाही. अस्वल दिसलं की घोडा पिशवीसकट निघून जातो.

मांस

एल्क पडला की घड्याळ सुरू होतं. कातडं लवकर काढा, कारण कातड्याखाली उष्णता कोंडते आणि मांडीच्या सांध्याजवळ हाडाभोवती मांस आधी आंबतं. आतडी न काढता चार तुकडे आणि पाठीच्या पट्ट्या वेगळ्या करायची पद्धत आडरानात सोयीची. जमिनीला मांस लागत नाही, हात कमी घाण होतात. एकाने कापावं, दुसऱ्याने उभं राहून चहूकडे पाहावं. घोडे वाऱ्याच्या वरच्या बाजूला शंभरेक मीटरवर बांधलेले. लिंग ओळखता येईल असा अवयव मांसाच्या एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या, तपासणी नाक्यावर तो बघतात. खाण्यासारखं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे, नुसती शिंगं घेऊन येणाऱ्याची शिकार जप्त होते. क्रॉनिक वेस्टिंग या हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगामुळे मेंदू आणि मणका राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध असतात, म्हणून डोकं घरी न्यायचं ठरवलं असेल तर तुमच्या राज्याचे नियम आधी वाचा.

रात्र पडली आणि मांस मागे ठेवायचं असेल तर आतड्यांच्या ढिगापासून लांब न्या, जाळीच्या पिशव्यांत घालून जमिनीपासून तीन मीटर वर आणि खोडापासून सव्वा मीटर दूर टांगा. जागा अशी निवडा की सकाळी समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीतून नीट दिसेल. सकाळी सरळ जायचं नाही. आधी दुर्बीण, मग वाऱ्याची दिशा, मग मोठ्याने बोलत, मोकळ्या बाजूने. पिशव्या खाली पडलेल्या असतील, माती उकरून ढीग झाकल्यासारखा दिसत असेल तर ते मांस आता अस्वलाचं. परत फिरा.

लादताना दोन मागच्या मांड्या एका खेचरावर, दोन पुढच्या आणि पाठीच्या पट्ट्या दुसऱ्यावर. जाड टोक खाली, खूर वर. हाडासकट मांडी २७ ते ३० किलोंची असते आणि जोडीतला फरक थोडाच असतो, तो मानेच्या मांसाने भरून काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत मांस घालू नका, ते घामटून सडतं. जनावर बिथरत असेल तर डोळ्यांवर जाकीट टाका आणि नाकपुड्यांना थोडं व्हिक्स लावा. शिंगं सगळ्यात शांत खेचराला, टोकं मागे आणि वर, अंगापासून दूर, प्रत्येक टोकावर पोत्याचा तुकडा बांधून. दाट झाडीत शिंगं फांद्यांत अडकतात, तेव्हा त्या खेचराला रांगेतून सोडवून हाताने धरा. शिंगांवर नारिंगी कापड बांधायला विसरलात तर दुसऱ्या कुणाला तरी चालता एल्क दिसेल.

ट्रेलरपाशी आल्यावर आधी मांस बर्फात, मग जनावरं. तंग एकदम सोडू नका. ओझं उतरवा, तंग सैल करून दहा मिनिटं थांबा आणि मगच खोगीर काढा. मग पाठीवरून दोन्ही हात फिरवा. कोरडा ठिपका म्हणजे तिथे दाब पडून घाम आलाच नाही, उद्या तिथे सूज दिसेल. तो ठिपका कोणत्या खोगिराखाली होता ते खडूने खोगिरावर लिहून ठेवा. मँट्या आणि दोर ओले गुंडाळून ठेवले तर पुढच्या सप्टेंबरला बुरशी लागलेले निघतात, आणि मनिलाचा फास तर दर हंगामाला नवाच करायचा.